बादलीतलं पाणी आणि काचेतले मासे

नमस्कार श्रोतेहो. आमच्या नेरूळच्या सोसायटीत एका शनिवारी लिफ्टमध्ये कागद चिकटवला होता : उद्या गच्चीवरच्या टाक्या धुणार, पाणी भरून ठेवा. मी तो वाचला, पिण्याचं पाणी भरलं आणि सोमवारी सकाळी बाथरूमच्या नळाला पाइप लावून थेट माशांच्या टाकीत पाणी सोडलं. टाक्या ब्लीचिंग पावडरने धुतात, हे डोक्यातच आलं नाही. दहा मिनिटांत सगळ्या मॉली वर येऊन पृष्ठभागावर तोंड उघडझाप करू लागल्या. तेव्हा कुठे मी कंडिशनरची, म्हणजे पाण्यातलं क्लोरिन मारणाऱ्या औषधाची, बाटली शोधायला धावलो. दोन मासे गेले.

नवी मुंबईचं पाणी मोरबे धरणातून येतं, भोकरपाड्याला शुद्ध होतं आणि त्यात क्लोरिन मिसळतात. नळापर्यंत लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक राहावं, असं भारतीय मानक सांगतं. आपल्यासाठी ते योग्यच. पण माशाचे कल्ले त्याने भाजतात, आणि फिल्टरमध्ये माशांची घाण पचवणारे जिवाणूही मरतात. वासावर विसंबू नका. वास आला नाही तरी क्लोरिन असू शकतं.

दुकानात ‘अँटी-क्लोरिन’ म्हणून जी बाटली मिळते, तिच्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं. जुन्या फोटो स्टुडिओत ज्याला ‘हायपो’ म्हणायचे, तेच हे. शेजारी निळ्या औषधाची बाटली असते; ते बुरशीवरचं, क्लोरिनला त्याचा उपयोग नाही. गल्ल्यावर घाईत ही अदलाबदल होते, म्हणून लेबल वाचूनच घ्या.

आता मापाची गोष्ट, कारण गडबड इथेच होते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर साधारण 56 लिटर. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली, तर 45 धरा. तुम्ही 15 लिटर पाणी बदलताय. बादलीत घेतलंत, तर औषध 15 लिटरचं, आणि ते बादलीतच नीट ढवळून मग पाणी टाकीत. पाइपने थेट सोडणार असाल, तर औषध आधी, आणि तेही पूर्ण 45 लिटरचं. कारण ते सगळ्या पाण्यात पसरून पातळ होतं. थेंब किती ते बाटलीवर बघा, दर कंपनीचं माप वेगळं. ‘जरा जास्तच घालू या’ म्हणून अर्धी बाटली ओतू नका. काही कंडिशनर जास्त झाले की पाण्यातला प्राणवायू खेचतात. एअर पंप चालू ठेवा.

बाटली संपली असेल तर बादली दिवसभर उघडी ठेवून, जमल्यास हवा सोडून क्लोरिन उडतं. गच्चीवरची टाकी धुतल्यानंतरच्या पाण्याला मात्र हा भरवसा नको; त्या दोन दिवसांत पाणी न बदललेलंच बरं. बादली वेगळी ठेवा, साबणाची नको. पाण्यात हात घालून बघा, टाकीइतकंच कोमट आहे ना? गच्चीवरचं पाणी मे महिन्यात चांगलंच तापतं.

फिल्टरचा स्पंजही नळाखाली धुऊ नका. टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात दोनदा पिळला की झालं. ते गढूळ पाणी तुळशीला घाला. मीठ किंवा औषध टाकलेलं असेल तर मात्र मोरीतच.