रॉड खाली असताना

(दृश्य: कृष्णधवल छायाचित्र. ब्रॉडगेजवर प्रवासी गाड्या ओढणारं, डब्ल्यूपी वर्गाचं वाफेचं इंजिन, टोकदार नाकावर रंगवलेली चांदणी. कॅमेरा नाकावरून सावकाश चाकांकडे उतरतो.)

या फोटोत आधी चाकांकडे बघा. ६७ इंच व्यासाची तीन मोठी चाकं आणि त्यांना एकत्र बांधणारा पोलादी रॉड. शटर उघडलं त्या क्षणी हा रॉड अगदी तळाशी आहे. वाफेच्या इंजिनांचे फोटो काढणारे याच क्षणासाठी रुळाकडेला थांबायचे. रॉड वर असला की चाकांचे आरे झाकले जातात आणि इंजिन आखडल्यासारखं दिसतं. तळाशी असला की सगळी चाकं मोकळी दिसतात.

याला दुसरंही एक कारण आहे. धावत्या चाकाचा जो भाग रुळाला टेकलेला असतो, तो त्या क्षणापुरता स्थिर असतो, आणि माथ्याचा भाग गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. डब्ल्यूपीचा क्रँक, म्हणजे चाकाच्या मध्यापासून रॉड जोडला आहे तिथपर्यंतचं अंतर, १४ इंचांचा. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली असेल, तर तळाशी आलेला रॉड जमिनीच्या हिशेबाने ताशी ३५ किलोमीटरने सरकतो, वर गेलेला ८५ ने. म्हणून त्याच शटरला खालचा रॉड रेखीव येतो आणि वरचा पुसट.

(ध्वनी: चढावर ओढणाऱ्या इंजिनाचा आवाज. झुक... झुक... झुक... झुक...)

हा क्षण कानाने पकडायचा असतो. दोन सिलिंडरच्या इंजिनात चार झुक म्हणजे चाकाचा एक फेरा. ताशी ६० च्या वेगाला डब्ल्यूपीचं चाक सेकंदात तीन फेरे घेतं, तिथे फार काही हातात नसतं. पण चढावर वेग २० वर आला की सेकंदाला जेमतेम एक फेरा होतो. चारांपैकी एका झुकच्या सुमारास आपल्या बाजूचा रॉड तळाशी येतो. तो ताल मनात धरायचा आणि बोट किंचित आधी दाबायचं, कारण आरसा वर जाऊन शटर उघडेपर्यंतही थोडा वेळ जातो.

शटर किती ठेवायचं? ताशी ६० ला गाडी सेकंदाच्या पाचशेव्या भागात ३.३ सेंटिमीटर पुढे जाते, अडीचशेव्या भागात ६.७. अगदी काटकोनात उभं राहिलात तर हे सरकणं फिल्मवर उमटतं. गाडी तिरकी समोरून येत असेल तर पुष्कळ कमी जाणवतं. ६४ एएसएची, म्हणजे प्रकाशाला कमी संवेदनशील अशी रंगीत स्लाइड फिल्म वापरणाऱ्यांना तर पर्यायच नसायचा. स्वच्छ उन्हात पाचशेच्या शटरला लेन्सचं तोंड एफ ५.६ इतकं उघडावं लागायचं, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात त्याहून एक घर जास्त उघडावं लागायचं.

(दृश्य: एकाच गाडीचे दोन प्रिंट शेजारी शेजारी. एकात इंजिन म्हणजे नुसता काळा ठोकळा, दुसऱ्यात वाफ जळून पांढरी.)

बहुतेक रिळं वाया गेली ती इथे. काळं इंजिन, पांढरी वाफ, मागे उजळ आकाश. प्रकाश मोजणाऱ्या मीटरला यातलं काही कळत नाही, तो सगळ्याची सरासरी काढून करडा रंग गृहीत धरतो. आकाश जास्त आलं की इंजिन काळंठिक्कर, आणि इंजिनाने चौकट भरली की वाफेतले सगळे पदर गायब. उपाय साधा होता: गाडी यायच्या आधी त्याच उन्हातल्या गवतावर किंवा रुळाखालच्या खडीवर मीटर धरायचा, तो आकडा लावायचा आणि गाडी आल्यावर मीटरकडे बघायचंसुद्धा नाही.

उन्हाचा कोन याहून महत्त्वाचा. बॉयलरच्या कडेने जाणाऱ्या पायवाटेची सावली चाकांवर पडते. दुपारी बारा वाजता चाकं, रॉड, सिलिंडर सगळं त्या सावलीत बुडून जातं. म्हणून हिवाळ्यात सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी साडेतीननंतर. मनमाड-औरंगाबाद मार्ग मीटरगेज होता तेव्हाची गोष्ट घ्या. मार्गाची एकूण दिशा पूर्व-आग्नेय, आणि डिसेंबरात सूर्य उगवतो तोही जवळपास त्याच दिशेला. म्हणजे सकाळी औरंगाबादकडे निघालेल्या गाडीच्या थेट नाकावर ऊन, दोन्ही कुशी फिक्या. त्याच मार्गावर संध्याकाळी मनमाडकडे येणाऱ्या गाडीची दक्षिणेकडची, म्हणजे डावी कूस मात्र चाकांपर्यंत उजळते. नकाशा आणि वेळापत्रक शेजारी ठेवून हे घरीच ठरवता यायचं.

(दृश्य: थंडीतली पहाट. धुरांड्यातून वर चढणारा वाफेचा लोट.)

आता वाफ. खरी वाफ दिसत नाही. ती थंड होऊन तिचे बारीक थेंब झाले की आपल्याला पांढरा लोट दिसतो. हवा दहा-बारा अंशांवर आणि दमट असेल तर लोट पाच-सहा डब्यांवर रेंगाळतो. एप्रिलच्या दुपारी तीच वाफ धुरांड्यापासून हातभर अंतरावर विरून जाते. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या अरुंद मार्गावरच्या ‘शकुंतला’ गाडीचं, मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेलं आणि १९२३ पासून धावणारं इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी सेवेतून काढलं गेलं. विदर्भातला एप्रिल. निरोपाला गेलेल्याला वाफेचा लोट मिळणं कठीणच. तीन महिने आधी, जानेवारीतल्या सकाळी गेलेल्याच्या फोटोंत ती गाडी जिवंत वाटते.

काळ्या धुराच्या मोहात मात्र अनेक जण पडले. दाट काळा धूर म्हणजे इंजिन जोरात आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तो न जळलेला कोळसा असतो. फायरमनने एकदम जास्त कोळसा लोटला, किंवा आगीला वरून पुरेशी हवा मिळाली नाही, की असा धूर येतो. चांगला फायरमन थोडा थोडा कोळसा फायरबॉक्समध्ये पसरून टाकतो, धुरांड्यावर फिकट करडी रेघ राहते. ती करडी रेघ आणि तिच्यावर पांढरी वाफ असलेला फोटो आम्हाला काळ्या ढगापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो, कारण त्यात एका माणसाचं कसब दिसतं.

कुठे उभं राहायचं हेही इंजिनच सांगतं. स्टेशनात शिरताना ड्रायव्हर सिलिंडरकडे वाफ सोडणारा रेग्युलेटर बंद करतो, धुरांडं मुकं होतं. उतारावरही तेच. सुटताना सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी काढायला ड्रेन कॉक उघडे ठेवतात, तेव्हा समोर वाफेचे फवारे उडतात आणि अर्धं इंजिन त्यात दडतं. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभे राहिलेले तिथेच फसायचे. तिथून तीन-चारशे मीटर पुढे, चढ लागतो तिथे, कॉक बंद झालेले असतात आणि इंजिन पूर्ण जोर लावत असतं. वारा मात्र आपल्याकडून गाडीकडे वाहणारा हवा. उलटा असला तर धूर खाली येऊन डब्यांवर आणि लेन्ससमोर पसरतो.

(दृश्य: चित्तरंजनचा कारखाना. त्यानंतर रिकामी लोको शेड.)

ब्रॉडगेजसाठी बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन, मालगाड्यांसाठीच्या डब्ल्यूजी वर्गातलं ‘अंतिम सितारा’, क्रमांक १०५६०, चित्तरंजनहून जून १९७० मध्ये बाहेर पडलं. या एकाच वर्गाची २,४५० इंजिनं बांधली गेली होती. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची शेवटची गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधर-फिरोजपूर मार्गावर धावली, ‘शेर-ए-पंजाब’ हे डब्ल्यूएल १५००५ इंजिन जोडून. म्हणजे मधे पंचवीस वर्षं होती. तरी राखेचा खड्डा, पाण्याचा खांब, आगीत राख वितळून बनलेले क्लिंकरचे खडे ओढणारा खलाशी, बॉयलरच्या ट्यूब साफ करणारा फिटर यांचे फोटो फार थोडे. धावत्या गाडीचे मात्र हजारो. ही उणीव आता भरून येणार नाही आणि ती आम्हाला मनापासून बोचते.

(दृश्य: टेबलावर निगेटिव्हच्या पट्ट्या. हातमोजे घातलेला हात एक पट्टी उजेडासमोर धरतो.)

जे आहे ते टिकवायचं काम सध्या चालू आहे. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात निगेटिव्हवर बुरशीचं जाळं चढतं. हवाबंद डब्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवायचं आणि त्याचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करायचं. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा अॅसिटेट पाया कुजू लागलाय. ती पट्टी त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळी करायची आणि आधी तीच स्कॅन करायची. कृष्णधवल फिल्म स्कॅन करताना इन्फ्रारेडने धूळ काढण्याची सोय बंद ठेवायची; ती फिल्ममधल्या चांदीच्या कणांनाच धूळ समजते आणि चित्र खरवडून टाकते. धूळ रबरी फुंकणीने उडवायची.

आणि पाकिटावर पेन्सिलीने तारीख, ठिकाण, गाडीची दिशा, इंजिनाचा वर्ग आणि क्रमांक. क्रमांक केबच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या खोलीच्या, कडेला असलेल्या पाटीवरून घ्यायचा, मागच्या कोळसा-पाण्याच्या टेंडरवरून नाही. टेंडर एका इंजिनाचं काढून दुसऱ्याला जोडलं जायचं.

(दृश्य: भिंगाखाली केबची पाटी. आकडे एकेक करून स्पष्ट होतात.)