पिवळ्या रंगाआधीचं शिवार

बेळगावच्या दक्षिणेला अनगोळ, वडगाव, शहापूर, येळ्ळूरची शिवारं एकमेकांना लागून आहेत. पावसाळ्यात भात. कापणी झाली की राहिलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा. बेळगावी बासमतीचं नाव झालं ते याच काळ्या मातीवर.

या मातीचं पुढे काय व्हायचं, ते बुडाचा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा, मास्टर प्लॅन ठरवतो. १९६१ च्या कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायद्यानुसार तो तयार होतो. नकाशावर हिरवा रंग शेतीचा, पिवळा वस्तीचा. हिरव्याचा पिवळा झाला की एनए, म्हणजे जमीन बिगरशेती करून घेणं, सोपं होतं आणि शिवारात प्लॉटचे दगड दिसू लागतात. त्यातच २०२० मध्ये राज्याने जमीन सुधारणा कायद्यातली ७९ अ आणि ७९ ब ही कलमं काढली. आता शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते.

केंद्राचा २०१३ चा भूसंपादन कायदा सांगतो, ओलिताची दुबार जमीन अगदी शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावी. पण महामार्ग, रेल्वे, कालव्यांना त्यातून सूट आहे. हलगा-मच्छे बायपास आखला गेला तो नेमका सुपीक पट्ट्यातून. शेतकरी रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले.

आम्हाला सगळ्यात जास्त खटकतं ते पाण्याचं. भाताच्या खाचरात बांधाआड पाऊस थांबतो, जिरतो, आसपासच्या विहिरींना पाझर मिळतो. हे काम नकाशातल्या कुठल्याच रंगात दिसत नाही. शेजारून वाहणारा बळ्ळारी नाला गाळाने आणि जलपर्णीने तुंबतो, आणि मोठ्या पावसात उभं भात पाण्याखाली जातं. अशा उतारावर भराव घातला, प्लॉट पाडले, तर ते पाणी कुठे जाणार? नाल्याची पूररेषा, खाचरं आणि विहिरी आधी नकाशावर याव्यात. रंग त्यानंतर भरावेत. जमिनीचं नियोजन एका कचेरीत आणि पाण्याचं दुसऱ्या कचेरीत, असं इथे चालणार नाही.

मास्टर प्लॅनचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी ६० दिवस मिळतात. भाषिक अल्पसंख्याक जिथे १५ ते २० टक्के आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, असं केंद्राने १९५६ मध्येच म्हटलंय. तेव्हा मसुदा मराठीत मागा, गावच्या चावडीवर लावायला सांगा. आपला सर्व्हे नंबर कुठल्या रंगात गेलाय ते पाहा. हरकत लेखी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका.