सोडलेला जिताडा

(पडदा काळा. पाण्याचा सपका, हसण्याचा आवाज. कुणीतरी म्हणतं, "थांब थांब, जरा उन्हाकडे वळव.")

ही क्लिप माझ्याच फोनमधली आहे. मागच्या मे महिन्यातली, भर दुपारची. जागा नेरूळकडचा एक होल्डिंग पाँड, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं तळं. क्लिपची लांबी १ मिनिट ५० सेकंद. तेवढा सगळा वेळ जिताडा पाण्याबाहेर होता.

(दृश्य उजळतं. ग्रिपरला, म्हणजे ओठ पकडायच्या चिमट्याला, उभा लटकलेला मासा.)

दोन-अडीच किलोचा असेल. मी दात काढून उभा आहे. फोटो झाले, व्हिडिओ झाला, मग मी त्याला अलगद पाण्यात सोडलं. शेपटी मारून तो खाली गेला. मागून मित्र ओरडला, "गेला बघ, एकदम कडक!" क्लिप इथे संपते. तासाभराने सामान आवरताना पलीकडे कांदळवनाच्या मुळांशी एक पांढरं पोट तरंगताना दिसलं. तोच होता, असं शपथेवर सांगता येणार नाही. पण त्या दिवशी तिथे गरी टाकणारे आम्ही दोघंच होतो.

मासा गरवायचा आणि परत सोडायचा. कॅच अँड रिलीज. ठाण्या-नवी मुंबईत रॉड घेऊन फिरणाऱ्या आमच्या पिढीला हे फार सभ्य वाटतं. जाळं नाही, बाजार नाही, रक्त नाही. पण ही पद्धत आपली नाही, आणि सोडलेला मासा खरंच जगतो का, हा तिच्याबद्दलचा मोठा वादही आपला नाही. तो अमेरिकेतल्या बास माशाचा.

(जुन्या धाटणीचं रेखाचित्र: मोठ्या तोंडाचा हिरवट मासा.)

लार्जमाउथ बास. गोड्या पाण्यातला, तळ्यांत आणि धरणांत राहणारा. रे स्कॉट नावाच्या माणसाने १९६७ मध्ये या माशाच्या स्पर्धांचा धंदा उभा केला, आणि १९७२ मध्ये स्पर्धकांना सांगितलं की धरलेला मासा मारू नका, जिवंत आणा, वजन करा, सोडून द्या. त्यासाठी बोटींमध्ये पाण्याच्या टाक्या आल्या. मासे टाकीतून वजनकाट्यावर आणि वजनकाट्यावरून तळ्यात. सगळे खूश. मग संशोधकांनी सोडलेले मासे पिंजऱ्यांत ठेवून पाहिले, आणि गणित जरा बिघडलं. सोडताना धडधाकट दिसणारे काही मासे दोन-चार दिवसांत मरत होते, आणि पाणी जितकं गरम तितकं हे मरण जास्त.

आता गंमत अशी की बास काही थंडीचा मासा नाही. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं पाणी त्याला मानवतं. मग उन्हाळ्यात त्याला होतं काय?

(ग्लासात पाणी. त्यात थर्मामीटर.)

पाण्यात विरघळलेला प्राणवायू. गोडं पाणी २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम धरून ठेवतं. ३० अंशांना साडेसात. समुद्राइतकं खारट पाणी ३० अंशांना जेमतेम ६. आणि माशाचं रक्त पाण्याइतकंच गरम असतं, त्यामुळे पाणी तापलं की त्याचं शरीर जोरात चालतं, भूक वाढते, प्राणवायूची गरज वाढते. आवक घटली आणि खर्च वाढला. नेमक्या त्याच वेळी आपण त्याला दोरीच्या टोकाला पाच मिनिटं पळवतो.

गळाला लागलेला मासा ज्या ताकदीने ओढतो ती ताकद उधारीची असते. स्नायू प्राणवायूशिवाय काम करतात, लॅक्टिक आम्ल साचतं, रक्ताची घडी विस्कटते. ती परत बसायला काही तास लागतात. आणि आपण काय करतो? दमलेल्या प्राण्याला बाहेर काढून त्याचे कल्ले हवेत धरतो. कल्ल्याचे पापुद्रे पाण्यात पिसासारखे फुललेले असतात, हवेत ते एकमेकांना चिकटतात. शंभर मीटर धावून आलेल्या माणसाचं नाक-तोंड दाबायचं आणि म्हणायचं, जरा हस, फोटो काढतो.

१९९२ चा एक प्रयोग आहे, रेनबो ट्राउटवरचा. नुसत्या दमवलेल्या माशांपैकी १२ टक्के मेले. दमवून ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के. ६० सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के. ट्राउट थंड पाण्याचा नाजूक मासा, त्याचे आकडे बासला किंवा जिताड्याला जसेच्या तसे लावले तर चूक होईल. पण माझी क्लिप ११० सेकंदांची होती, आणि हे वाचल्यावर मी ती परत लावून पाहू शकलो नाही.

बासच्या बाबतीत उत्तर बरंचसं स्वच्छ आहे. ओठात गरी लागली, मासा लवकर ओढला, पाण्यातच सोडला, तर उन्हाळ्यातही बहुतेक वाचतात. मरतात ते गरी गिळलेले, खूप खोलातून झपकन वर आणलेले, आणि बोटीच्या तापल्या टाकीत दिवसभर कोंडलेले. गरी घशात गेली असेल तर ती उपटू नये, दोरी कापावी.

(नवी मुंबईतल्या दिवाळे गावाची जेटी. ओहोटी. चिखलावर निवट्या उड्या मारतायत.)

आता आपला मासा. जिताड्याला इंग्रजी मेनूकार्डावर एशियन सी-बास म्हणतात, पण त्या अमेरिकन बासशी त्याचं कूळ जुळत नाही. बंगालात हाच भेटकी, ऑस्ट्रेलियात हाच बॅरामंडी. पेण-अलिबागच्या खारेपाटात तो गावच्या तळ्यात वाढवतात आणि जावयासाठी राखून ठेवतात. तो गरम पाण्यातलाच, त्यामुळे आमच्यातले काहीजण सांगतात, "याला उन्हाचं काय?"

दोन गोष्टी.

पहिली: जिताडा जन्मभर नर राहत नाही. आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे फोटोत ज्याला मिरवतो तो मोठा जिताडा बहुतेक वेळा मादी असते, आणि मे महिन्यात ती पावसाळ्याच्या तोंडावर गाबोळी धरत असते. खाडीच्या मुखाशी जाऊन लाखोंनी अंडी घालणारी. क्वीन्सलंडमध्ये म्हणूनच ५८ सेंटिमीटरच्या खालचा आणि १२० सेंटिमीटरच्या वरचा बॅरामंडी ठेवून घेता येत नाही. तिथे सोडणं हा छंद नाही, कायदा आहे. मग सोडलेला जगला पाहिजे, ही त्यांची गरज. ग्रिपरने उभा लटकवलेल्या बॅरामंडीच्या तोंडाला काय इजा होते, हेही तपासलं गेलंय. अंगाचं सगळं वजन जबड्याच्या पातळ पडद्यावर येतं. मोठा मासा आडवा धरावा, पोटाखाली ओला हात देऊन. गाठी मारलेल्या जाळीनेही पर फाटतात, रबरी जाळी बरी.

दुसरी गोष्ट जागेची, आणि इथे माझं सगळं ज्ञान उलटं पडलं.

(होल्डिंग पाँड. हिरवट पाणी, पलीकडे इमारती.)

नवी मुंबईचा बराच भाग खाडीच्या भरतीरेषेलगतच्या जमिनीवर उभा आहे. पावसाचं पाणी भरतीच्या वेळी साठून राहावं म्हणून हे पाँड बांधले, एका बाजूने उघडणाऱ्या झडपांसकट. उन्हाळ्यात ते उथळ होतात. शेवाळ धरतं. आम्ही इंटरनेटवर वाचलेलं: उन्हाळ्यात पहाटे जा, पाणी गार असतं. गेलो. साडेपाचला पाणी खरंच गार होतं, आणि बोय नावाच्या मासळ्या अख्ख्या कळपाने वर येऊन तोंडं उघडत होत्या.

कारण शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्रभर तोच वापरतं. साचलेल्या हिरव्या पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो पहाटेच. म्हणजे दुपारी उकाडा मारणार आणि पहाटे गुदमर. अमेरिकेत मोंटाना राज्यात नदीचं पाणी सलग तीन दिवस ७३ फॅरेनहाइटला, म्हणजे तेवीस अंशांच्या आसपास पोहोचलं की दुपारी २ पासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवतात. वाहत्या नदीला, ट्राउटला ते ठीक. आपल्या पाँडला कुठल्याच घड्याळाचा उपयोग नाही. माझ्यापुरतं मी ठरवलंय: होळीनंतर पाँड बंद, पहिला दमदार पाऊस पडेपर्यंत. गरवायचंच असेल तर खाडी, आणि तीही उधाणाची भरती चढत असताना, बाहेरचं ताजं पाणी आत येतं तेव्हा. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी मंद असते त्या दिवसांच्या, मेल्या पाण्यात नको.

(जेटीवर एक म्हातारे काका जाळं शिवत बसलेत. चेहरा दिसत नाही, फक्त हात.)

हे सगळं मी दिवाळ्याच्या जेटीवर एका काकांना ऐकवलं. ते सुईवरून नजर न काढता म्हणाले, "खावाचा नाय, त धरलास कनाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. मेच्या उन्हात एक घरी न्यावा, कालवण करावं आणि रॉड गुंडाळावी, हे दहा सोडण्यापेक्षा खाडीला स्वस्त पडेल असं मला अलीकडे वाटतं. पण मोठी मादी आली तर ती सोडावीच लागेल, आणि नीट सोडावी लागेल. त्यासाठी तीन काट्यांच्या गऱ्या काढून एकेरी लावल्या, त्यांचे उलटे दात पकडीने चेपले, दोरी जाड घेतली म्हणजे मासा फार वेळ झुंजणार नाही.

(भरती. कॅमेरा पाण्याच्या पातळीला. एक हात कोपरापर्यंत पाण्यात.)

हा या वर्षीचा शॉट. पाण्याखाली काहीतरी चंदेरी फिरलं, पकड आत गेली, गरी निसटली. हात रिकामा वर आला. मासा पाण्याबाहेर आलाच नाही, म्हणून तो आमच्या कॅमेऱ्यातही नाही.

काकांनी विचारलं, "केवरा व्हता रं?"

मी दोन्ही हात पसरून दाखवले. काका हसले आणि जाळं शिवत राहिले.