जुनं पान पुसण्याचेही पैसे द्या

मला विषय दिलाय ‘ब्लॉकचेनच्या डेव्हलपर डॉक्युमेंटेशनसाठी निधी’. निधी हा शब्द घातला की सभागृह भरतं, हे आयोजकांना पक्कं ठाऊक आहे. पैशाकडे येतोच, पण आधी थोडं रडगाणं ऐकून घ्या.

इथे सॉलिडिटी, म्हणजे इथेरियम ब्लॉकचेनवरचे प्रोग्रॅम लिहायची भाषा, नेटवरचे लेख वाचून शिकलेले किती जण आहेत? बरेच दिसताहेत. मग तुम्हाला रॉप्स्टेन आठवत असेल, इथेरियमचं एक टेस्टनेट, म्हणजे सरावाचं जाळं. फॉसेटवर, म्हणजे सरावाचं चलन वाटणाऱ्या साइटवर जायचं, आपला पत्ता चिकटवायचा आणि फुकटच्या इथरची वाट बघत बसायचं. रॉप्स्टेन २०२२ च्या अखेरीस बंद झालं, रिंकबी २०२३ मध्ये, गोर्ली २०२४ मध्ये. टेस्टनेट गेली, ट्यूटोरियलं मात्र अमर आहेत. सर्चमध्ये अजून तीच वर येतात, कारण पान जितकं जुनं तितक्या त्याला लिंका जास्त. आता तर चॅटबॉटही तीच पानं वाचून शिकलेत, म्हणजे चूक आणखी आत्मविश्वासाने सांगायची सोय झाली.

तरी बंद फॉसेट निदान बंद दिसतं. माणूस वैतागून दुसरीकडे जातो. खरा घोळ कोडच्या उदाहरणांत आहे, आणि माझं दुखणं तिथलंच.

सॉलिडिटीत लिहिलेल्या प्रोग्रॅमला कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. पूर्वी ज्या फंक्शनचं नाव कॉन्ट्रॅक्टसारखंच, तो कन्स्ट्रक्टर, म्हणजे मालक कोण वगैरे सुरुवातीलाच ठरवणारं फंक्शन. २०१६ मध्ये रुबिक्सी नावाचं एक कॉन्ट्रॅक्ट होतं. सरळसरळ पिरॅमिड स्कीम होती ती, तेव्हा उगाच हळहळू नका. त्याचं आधीचं नाव डायनॅमिकपिरॅमिड. कॉन्ट्रॅक्टचं नव्याने बारसं झालं, आतल्या फंक्शनचं नाव मात्र बदलायचं राहिलं. झालं! जे डिप्लॉय होताना, म्हणजे ब्लॉकचेनवर चढताना, एकदाच चालायला हवं, ते सगळ्यांना खुलं असलेलं साधं फंक्शन होऊन बसलं. कोणीही यावं, ते कॉल करावं आणि मालक व्हावं. लोक आलेही.

२०१८ मध्ये कन्स्ट्रक्टरसाठी वेगळा कीवर्ड आला आणि सॉलिडिटीच्या ०.५.० आवृत्तीपासून कंपायलर, म्हणजे कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम, जुनी पद्धत घेतच नाही. उत्तम. आता जुन्या पानावरचं उदाहरण उचललेला नवखा काय करतो बघा. कंपायलर त्याला सांगतो, बाबा रे, कन्स्ट्रक्टर हवा असेल तर तो कीवर्ड वापर. तो वापरतो. दुसरी एरर येते, तिच्यामागून तिसरी. पानाचा मथळा तर ‘दहा मिनिटांत पहिलं कॉन्ट्रॅक्ट’. शेवटी तो फाइलच्या डोक्यावरची, कंपायलरची आवृत्ती सांगणारी प्रॅग्माची ओळ धरतो आणि कंपायलरच जुन्या ०.४ वर नेतो. सगळं हिरवं! गडी खूश. पण ०.८.० पासून, म्हणजे डिसेंबर २०२० पासून, बेरीज मर्यादेबाहेर गेली की व्यवहारच उलटतो, म्हणजे रद्द होतो. ते संरक्षण त्याने नकळत काढून टाकलंय. आठ बिटांच्या पूर्णांकात २५५ आहेत, त्यात एक मिळवला, उत्तर शून्य. ०.४ चा कंपायलर हूं की चूं करत नाही. तेव्हा यासाठी सेफमॅथ नावाची लायब्ररी वापरायचे, पण पहिल्याच धड्यात ते कोण घालणार?

‘असून अडचण, नसून खोळंबा’ म्हणतात ना, या पानांचा नसून खोळंबाही होत नाही. नसती तर पोरगा मुकाट्याने सॉलिडिटीच्या मूळ डॉक्सकडे गेला असता.

हेच मी एका अनुदान समितीसमोर मांडलं होतं. नाव घेत नाही, पुन्हा त्यांच्याच दारात जायचंय. म्हटलं, नवीन काही लिहीत नाही, आहे त्यातलं निम्मं काढतो आणि उरलेलं चालतं करतो. एकाने विचारलं, “डिलिव्हरेबल काय?” म्हटलं, पानं कमी होतील. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं, बहुधा माझ्या नावापुढे फुली. पैसे गेले नव्या पोर्टलला. पोर्टल देखणं झालं, डार्क मोडसुद्धा आला. तीच मेलेली उदाहरणं आता काळ्या पार्श्वभूमीवर दिसू लागली.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता धावतपळत.

क्वाड्रॅटिक फंडिंग, म्हणजे लोकांच्या छोट्या देणग्या बघून मोठा निधी वाटायची पद्धत, तुम्हाला माहीत आहे. इथेरियमवाले बुटेरिन आणि अर्थशास्त्रज्ञ हिट्झिग व वाइल यांनी २०१८ मध्ये मांडलं, गिटकॉइन या निधी उभारणाऱ्या मंचाने २०१९ पासून राबवलं. देणग्यांच्या वर्गमुळांची बेरीज करायची आणि तिचा वर्ग. शंभर जणांनी एकेक डॉलर दिला तर सूत्र दहा हजार म्हणतं, एकट्याने शंभर दिले तर शंभरच. निधी मर्यादित असतो, म्हणून वाटप त्या प्रमाणात होतं. ज्याचे चाहते खूप त्याचं भलं होतं. पुसलेल्या पानाला चाहते कुठले?

दुसरा मार्ग ऑप्टिमिझम या इथेरियमवर उभ्या जाळ्याचा, २०२१ पासूनचा: काम उपयोगी ठरलं की मागाहून पैसे. तत्त्व मला पटतं. घरमालकाला पटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. टूलसाठी दिलेल्या प्रत्येक अनुदानाचा शेवटचा हप्ता राखून ठेवा. प्रकल्पाशी संबंध नसलेल्या डेव्हलपरने कोऱ्या मशीनवर, नुसते डॉक्स वाचून, टेस्टनेटवर डिप्लॉय करून दाखवलं की तो सोडा. त्या डेव्हलपरलाही मोबदला द्या. आणि हार्ड फोर्क, म्हणजे ब्लॉकचेनचे नियमच बदलणं, असो की जुना कोड मोडणारी रिलीज, ऑडिटचा खर्च जसा आधी धरता तसा डॉक्सचाही धरा. पानं हुडकणं, दुरुस्त करणं, काढणं, काढलेल्याच्या जागी रीडायरेक्ट लावणं, सगळं त्यात आलं. उदाहरणं सीआयमध्ये, म्हणजे कोड बदलला की आपोआप होणाऱ्या तपासणीत, चालवा. सॉलिडिटीच्या डॉक्समधली उदाहरणं कंपाइल करून तपासली जातात, रस्ट या भाषेत ‘कार्गो टेस्ट’ ही आज्ञा डॉक्समधला कोड चालवून बघते. अशक्य काही नाही.

मागून प्रश्न आलाय, दुसऱ्याच्या साइटवरचं जुनं पान कसं पुसणार? नाही पुसता येणार. पण अडलेला माणूस एरर जशीच्या तशी सर्चमध्ये टाकतो. तेव्हा तुमच्या अधिकृत पानावर तीच एरर शब्दशः छापा, खाली दुरुस्त कोड द्या, आणि कंपायलरची आवृत्ती मागे नेऊ नका हे ठळक लिहा.