कंसातला आकडा

(जिल्हा ग्रंथालयाच्या सभागृहात पत्रकार, अंगणवाडी पर्यवेक्षिका आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे जिल्हा माहितीपत्रक आपल्यापैकी ज्यांनी एकदा तरी हाती घेतले असेल, त्यांना त्यातले काही आकडे कंसात छापलेले दिसले असतील आणि काही जागी आकड्याऐवजी नुसती तारका दिसली असेल. त्याचा खुलासा तळाशी बारीक टाइपात असतो. कंसातला आकडा 25 ते 49 नोंदींवरून काढलेला आहे, आणि जिथे 25 नोंदीही मिळाल्या नाहीत तिथे आकडा दिलेलाच नाही. म्हणजे या आकड्यावर फार भार टाकू नका, असे मोजणाऱ्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. पत्रकातून तो आकडा बातमीत, बातमीतून भाषणात आणि भाषणातून भिंतीवरच्या फलकावर जातो तेव्हा सर्वांत आधी गळतो तो हा कंस. आज मी बोलणार आहे ते या गळतीविषयी.

सर्वेक्षणाची ओळख थोडक्यात करून देतो. पहिली फेरी 1992-93 मध्ये झाली, पाचवी 2019-21 मध्ये. देशभरच्या कामाची सूत्रे मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असतात. पाचव्या फेरीत 707 जिल्ह्यांतील 6 लाख 36 हजारांहून अधिक घरांत आणि 7 लाख 24 हजारांहून अधिक स्त्रियांकडे जाऊन माहिती घेण्यात आली. एखादे गाव किंवा शहरातला एखादा गट निवडायचा, तिथल्या सगळ्या घरांची यादी करायची आणि त्या यादीतून 22 घरे ठरावीक अंतराने उचलायची, अशी साधारण पद्धत. निवडलेल्या घराला कुलूप असेल तर पुन्हा जावे लागते, शेजारचे घर घेऊन काम भागवता येत नाही. मला या पद्धतीतला हा नियम सर्वांत मोलाचा वाटतो, कारण सहज सापडणारी माणसे आणि खरी माणसे यांतला फरक त्यात राखला जातो. कामाला गेलेली, माहेरी गेलेली, दवाखान्यात असलेली बाई यादीतून सुटू नये, यासाठीच तो सगळा खटाटोप.

आता थोड्या नोंदींकडे येऊ. कंस पडण्याइतक्या त्या कमी नसल्या तरी आकडा किती हलतो, यासाठी गोव्याचे उदाहरण घेतो. जन्माच्या वेळचे लिंग गुणोत्तर, म्हणजे दर हजार मुलग्यांमागे जन्मलेल्या मुली, चौथ्या फेरीत (2015-16) गोव्यात 966 होते आणि पाचव्या फेरीत 838 आले. हा आकडा पाहून कुणाच्याही पोटात गोळा येईल, आणि यावा. परंतु गोव्यात या फेरीत घरे घेतली होती ती दोन हजारांहून कमी, आणि हे गुणोत्तर काढायचे ते त्या घरांतल्या बायकांना मागच्या पाच वर्षांत झालेल्या मुलांवरून. ज्या राज्यात मुले मुळातच थोडी होतात, तिथे असे जन्म काही शेच भरणार. समजा ते 400 आहेत, हिशेबाच्या सोयीसाठी. त्यांत 182 मुली आणि 218 मुलगे असतील तर गुणोत्तर 835 येते. त्याच चारशेत दहाच मुली जास्त निघाल्या, म्हणजे 192 आणि 208, तर तेच गुणोत्तर 923 होते. दहा बाळे इकडची तिकडे झाली की बातमीचा मथळा फिरतो. याचा अर्थ गोव्यात सारे आलबेल आहे असा मुळीच नाही. जन्मनोंदणीच्या वह्या उघडून खात्री करावी, एवढेच हा आकडा सांगतो, आणि हा आकडा लोकांपुढे नेणाऱ्याने तेवढेच सांगावे.

दुसरी गळती वयाची असते, आणि ती अधिक फसवी, कारण तिथे नोंदी थोड्या नसतात. महाराष्ट्रात 2012 साली कुपोषणाचे स्वतंत्र राज्य सर्वेक्षण झाले. वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या बालकांचे प्रमाण 2005-06 मध्ये 39 टक्के होते, ते 23-24 टक्क्यांवर आले, असे त्यातून दिसले आणि राज्याचे देशात व देशाबाहेर कौतुक झाले. पुढे 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्राचा आकडा आला 34.4. लगेच निष्कर्ष निघाला की कमावलेले सगळे गमावले. वस्तुस्थिती अशी की 2012 चे मोजमाप दोन वर्षांखालच्या बालकांचे होते आणि 34.4 हा आकडा पाच वर्षांखालच्या बालकांचा. उंची एका रात्रीत खुंटत नाही. बाळ वरच्या अन्नावर येते त्या काळात ती हळूहळू मागे पडत जाते, त्यामुळे तान्ही बाळे ज्या गटात जास्त, त्या गटाचा आकडा कमीच असणार. पाच वर्षांखालच्यांचे 2005-06 चे प्रमाण 46.3 होते, आणि 34.4 ची तुलना व्हायला हवी ती त्याच्याशी. पुढच्या फेरीत ते 35.2 झाले, म्हणजे घसरण थांबली. काळजी करायची ती याची, परंतु तिचा गाजावाजा फार झाला नाही.

बालविवाहाच्या आकड्याचेही असेच आहे. पाचव्या फेरीत महाराष्ट्रात 21.9 टक्के नोंदले गेले. हे प्रमाण सर्वेक्षणाच्या वेळी 20 ते 24 वर्षांच्या असलेल्या स्त्रियांचे, ज्यांचे लग्न अठराच्या आत झाले होते. चोवीस वर्षांच्या बाईचे ते लग्न निदान सहा वर्षांपूर्वीचे. शिवाय पहिल्या टप्प्यातील राज्यांत, ज्यात महाराष्ट्र होता, घरोघर फिरण्याचे काम जानेवारी 2020 अखेर संपले होते. पत्रके जाहीर झाली डिसेंबर 2020 मध्ये, करोनाची साथ चालू असताना. त्यामुळे टाळेबंदीत उरकलेली लग्ने या आकड्यात शोधणारे वक्ते मी ऐकले आहेत, आणि टाळेबंदीने कुपोषण वाढल्याचा पुरावा म्हणून हेच पत्रक फडकावणारेही. आकडा जाहीर झाल्याची तारीख आणि आकड्यात बसलेला काळ, या दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगायला काही जागा लागत नाही.

तिसरी अडचण आपल्या भाषेतली आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांतील रक्तक्षयाचे प्रमाण महाराष्ट्रात चौथ्या ते पाचव्या फेरीत 53.8 वरून 68.9 टक्क्यांवर गेले. याला आपण सर्रास ‘पंधरा टक्क्यांनी वाढ’ म्हणतो. ही वाढ पंधरा टक्केबिंदूंची आहे, मूळ प्रमाणाच्या तुलनेत ती 28 टक्के भरते. टक्केबिंदू हा शब्द सभेत जड वाटतो हे मला मान्य आहे, म्हणून मी ‘शंभर बालकांत आधी 54 होती, आता 69’ असे म्हणतो. ते कुणालाही कळते आणि चुकीचेही नसते.

रक्तक्षय या शब्दाची गंमत मी एका वाडीत अनुभवली. बायकांसाठी केलेल्या फलकावर आम्ही मोठ्या हौसेने लिहिले होते, ‘राज्यातील शंभरापैकी 54 स्त्रियांच्या अंगात रक्त कमी’. एक वयस्क बाई बराच वेळ फलकाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “अहो, बोटातून रक्त काढून नेता, आणि वर कमी झालं म्हणून आम्हालाच सांगता?” सगळ्या हसल्या, पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. कमी असते ते रक्त नव्हे, रक्तातले हिमोग्लोबिन. गर्भार नसलेल्या बाईचे ते बारा ग्रॅमच्या खाली गेले की ती या चोपन्नांत मोजली जाते, मग ते साडेअकरा असो की सात. साडेअकरावाली बाई आणि सातवाली बाई यांना एकाच ओळीत उभे करून आपण एकीला उगाच घाबरवतो आणि दुसरीचे दुखणे झाकतो. त्या दिवसापासून आम्ही सौम्य, मध्यम आणि तीव्र असे तीन वेगळे आकडे लिहू लागलो. वयाच्या मानाने उंची कमी असण्याला वापरल्या जाणाऱ्या ‘बुटकेपणा’ या सरकारी शब्दाचे तर विचारूच नका. एका आईने मला बजावले की तिच्या सासऱ्यांपासून घरात सगळे बुटकेच आहेत आणि त्यात सर्वेक्षणाचे काही जात नाही.

नवऱ्याकडून होणाऱ्या मारहाणीच्या प्रश्नांबाबत एकच सांगतो. पाचव्या फेरीत देशात 18 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी 29.3 टक्क्यांनी नवऱ्याची मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती कधी ना कधी सोसल्याचे सांगितले. हे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, आणि तिसरे माणूस जवळ नसेल तरच विचारायचे असतात. कुणी आले तर ते प्रश्न तिथेच थांबवायचे. ज्या गुप्ततेच्या भरवशावर ती बोलली, ती आपण आकडा सांगतानाही पाळायची. हा आकडा राज्याचा सांगावा, देशाचा सांगावा. ‘तुमच्या भागातही’ असे म्हणत गावाकडे बोट दाखवले की त्या गावात सर्वेक्षणाची मुलगी कोणाच्या घरी गेली होती, हे सगळ्यांना आठवते.

गावाचा आकडा मात्र लोक मागतातच. त्याच वाडीत, फलकावरची हसाहशी संपल्यावर, मागे बसलेल्या एका तरुण बाईने विचारले, “हे राज्याचं झालं. आमचं किती?” मी खरे ते सांगितले की हे सर्वेक्षण जिल्ह्यापर्यंतच बोलू शकते, वाडीबद्दल ते मुके आहे, आणि वाडीचे उत्तर असलेच तर अंगणवाडीच्या नोंदवहीत असेल. सेविकाताईंनी वही आणून सतरंजीवर उघडली. वजनाचे रकाने दर महिन्याचे, नीट भरलेले. उंचीचा रकाना तीन महिने कोरा. उंची मोजायची पट्टी मोडली होती, त्यांनी वर दोनदा कळवले होते. बायकांनी वही एकमेकींच्या हातात फिरवली, ज्यांना वाचता येत होते त्यांनी आपापल्या मुलांची नावे शोधली. सभेच्या शेवटी आरोग्यावर ठराव करायचा असे आमच्या कागदावर छापून आणले होते. ठराव झाला तो नव्या पट्टीचा.