मंडईचं साल, रोमन अक्षरांत

(दृश्य : लक्ष्मी रस्ता, घड्याळाच्या दुकानाची काच)

घड्याळात किती वाजले ते आपल्याला काट्यांच्या जागेवरूनच कळतं. तबकडीवरची रोमन अक्षरं वाचायची वेळच येत नाही. म्हणून कोनशिलेवर त्याच अक्षरांत कोरलेलं साल दिसलं, की नजर अडखळते.

रोमन संख्याचिन्हं सातच. आय म्हणजे एक, व्ही पाच, एक्स दहा, एल पन्नास, सी शंभर, डी पाचशे, एम हजार. शून्य नाही.

आपल्या ५५५ मध्ये पाच तीनदा येतो आणि तिन्ही वेळा त्याची किंमत वेगळी असते. ती किंमत जागा ठरवते. रोमन अक्षर कुठेही लिहा, त्याची किंमत तीच. मंडईत मावशी गल्ला मोजतात तसं: आधी पाचशेच्या नोटा, मग शंभराच्या, पन्नासच्या, शेवटी सुटे.

(दृश्य : महात्मा फुले मंडईचा मनोरा, पडद्यावर एकेक अक्षर उमटतं)

ही इमारत १८८६ सालची, तेव्हाचं रे मार्केट. ते साल रोमनमध्ये लिहू. एम: हजार. डी: पाचशे, झाले दीड हजार. तीन सी: अठराशे. एल: अठराशे पन्नास. तीन एक्स: अठराशे ऐंशी. व्ही आणि आय: अठराशे शहाऐंशी. अकरा अक्षरं आणि नुसती बेरीज!

वजाबाकी एकाच ठिकाणी लागते. लहान किमतीचं अक्षर मोठ्याच्या आधी आलं, की ते मोठ्यातून वजा करायचं. आय-एक्स नऊ, एक्स-एल चाळीस, सी-एम नऊशे. पण कुणीही कुणाच्याही आधी बसत नाही. आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी, एक्स फक्त एल आणि सीच्या आधी, सी फक्त डी आणि एमच्या आधी. म्हणून एकोणपन्नास म्हणजे आय-एल नव्हे. आधी चाळीस, मग नऊ: एक्स-एल-आय-एक्स. मुलांचं इथेच चुकतं. त्यांना नियम पाठ करायला लावण्यापेक्षा ‘आधी दशक लिही, मग एकक’ एवढंच सांगावं.

(दृश्य : तबकडी जवळून)

आता चार पाहा. पुष्कळ घड्याळांवर तिथे आय-व्ही नसतं, चार उभ्या रेघा असतात. ही काही छपाईची चूक नाही. खुद्द रोमन लोकही तसं लिहीत. रोमच्या कलोसियममध्ये चव्वेचाळिसाव्या दारावर एक्स-एल आणि पुढे चार रेघा कोरलेल्या आहेत. एकाच आकड्यात चाळिसाला वजाबाकी आणि चाराला बेरीज! आज शाळेत शिकवतात तो काटेकोरपणा नंतरचा.

(दृश्य : नाणेघाट, गुहेच्या भिंतीवरचा लेख)

रोमन माल कोकणच्या बंदरांत उतरायचा, त्या काळात इथून बैलांचे तांडे घाट चढून जुन्नरला यायचे. पुणे जिल्ह्याच्या याच कड्यावर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांतल्या दक्षिणेचे आकडे त्यात ब्राह्मी चिन्हांत कोरलेले आहेत. शून्य इथेही नाही. पण चार हजार लिहायला कोरणाऱ्याने हजाराचं चिन्ह चारदा काढलं नाही, त्याला चाराचं चिन्ह जोडलं. इथे बेरजेच्या जोडीला गुणाकारही आहे, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

या लेखात २४,४०० हा आकडा येतो. रोमनमध्ये तो लिहिण्याची एक रीत अशी: एक्स-एक्स-आय-व्ही, त्यावर आडवी रेघ. त्या रेघेने चोवीसचे चोवीस हजार होतात. पुढे सी-डी. ते आता तुम्हीच वाचा.