नवा प्रोजेक्ट हाती आला, कोड कुठून समजून घ्यायचा?

नमस्कार मंडळी. नांदेड, परभणी, लातूरची पोरं पुण्यात नोकरीला लागली की मला एकच विचारायलेत: "दादा, जुना भलामोठा प्रोजेक्ट गळ्यात पडलाय, वाचायला कुठून घेऊ?"

वाचत बसूच नका. क्लोन करा, रीडमी बघून चालू करा, टेस्ट पळवा. एवढं येतं तुम्हाला.

आता नीट ऐका. स्क्रीनवर दिसणारी एकच गोष्ट धरा. समजा मोंढ्यातल्या आडतीचं सॉफ्टवेअर आहे, सोयाबीनच्या पट्टीवर, म्हणजे हिशेबाच्या पावतीवर, 'हमाली' छापून येते. तो शब्द रिपग्रेपनं, म्हणजे फाईलींत शब्द शोधायच्या टूलनं, अख्ख्या कोडमध्ये शोधा. बऱ्याचदा तो भाषेच्या फाईलमध्ये सापडतो, शेजारी त्याची की, म्हणजे कोडमध्ये वापरलेलं त्याचं नाव, असते. मग ती की शोधा. रक्कम जिथं निघते तिथं ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम थांबवायची खूण, लावा आणि एक पट्टी काढा. प्रोग्रॅम थांबला की कॉल स्टॅक बघा, म्हणजे कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं त्याची यादी. व्हीएस कोड एडिटरमध्ये सगळ्यात वर आत्ताचं फंक्शन, खाली त्याला बोलावणारं. खालून वर वाचा, बटणापासून हमालीपर्यंतचा सगळा रस्ता दिसतो.

कमेंटमध्ये एक भाऊ म्हणतो, फोल्डरच्या नावांवरून कळतं की! नाही कळत. एका इंटरफेसचे पाच क्लास असतील तर आत्ता कोणता चालला, ते स्टॅकच सांगतो.

दुसरा म्हणतो, एआयला विचारतो. विचारा, मीही विचारतो. पण त्यानं सांगितलेल्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावा. प्रोग्रॅम तिथं थांबलाच नाही, तर तुमची पट्टी त्या रस्त्यानं गेलेली नाही.

आणि 'हे कामून असं लिहिलंय' याचं उत्तर गिटमध्ये, कोडच्या बदलांच्या इतिहासात असतं. कोणती ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या नुसत्या गिट ब्लेमवर भागत नाही. कुणी कोडची मांडणी नीट करणारा फॉर्मॅटर फिरवला की सगळ्या ओळींवर त्याचंच नाव, आणि शिव्या त्या बिचाऱ्याला! गिट लॉग, डॅश कॅपिटल एस, पुढं तो शब्द. तो शब्द जिथं आला किंवा गेला, ते कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, मिळतात. आमच्याकडं शून्य वजनाची पट्टी अडवणारी एक ओळ होती. सगळे म्हणायचे, काढून टाका. मूळ कमिटमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं: काट्याची वायर निघाली की वजन शून्य येतं. ओळ राहिली.

प्रोजेक्टच नाही म्हणणाऱ्यांनी जँगो हे पायथनचं वेब फ्रेमवर्क घ्या, 2005 पासून कोड खुला आहे. कॉन्ट्रिब, ऑथच्या इनिट फाईलमध्ये ऑथेंटिकेट फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावा, अ‍ॅडमिनला चुकीचा पासवर्ड द्या. फक्त व्हीएस कोडच्या लाँच फाईलमध्ये जस्ट-माय-कोड, म्हणजे फक्त स्वतःचा कोड डीबग करायची सेटिंग, फॉल्स करा, नाहीतर तो ब्रेकपॉइंट लागणारच नाही.